कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज : शब्दांची मुळे शोधण्याचा खेळ

ओसरी :

गेल्या महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या जुन्या घराचे दार दोन वर्षांनी उघडले. सोबत अकरा वर्षांची भाची होती. कुलूप गंजून घट्ट बसले होते, म्हणून त्यात खोबरेल तेल सोडले आणि ते मुरेपर्यंत आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. वेळ जावा म्हणून मी तिला म्हटले की, समोरच्या प्रत्येक वस्तूचे नाव घे आणि ते नाव कुठून आले असेल याचा अंदाज कर. तो खेळ पुढे तासभर चालला, आणि त्यातूनच हा धागा काढावासा वाटला.

'दरवाजा' फारसी आहे. मात्र त्यातला 'दर', संस्कृत 'द्वार' आणि त्यावरून आलेले आपले 'दार' ही एकाच घराण्यातली मंडळी असून इंग्रजीतले 'डोअर' हेही त्यांचे दूरचे नातलग आहे. 'कुलूप' अरबी आहे. मूळ शब्द 'कुफ्ल'. मराठीत येता येता 'फ' आणि 'ल' यांनी एकमेकांच्या जागा घेतल्या. अशा अदलाबदलीला वर्णविपर्यय म्हणतात. याच कुफ्लाच्या कुळातली 'कुल्फी'ही आहे, कारण ती झाकण घट्ट लावून बंद केलेल्या साच्यात गोठवली जाते. भाचीने 'कुलूप, कुल्फी, कुलूप, कुल्फी' असे चार वेळा म्हणून पाहिले आणि मग ती मला थांबू देईना. 'चावी' पोर्तुगीजांची, 'बिजागरी'ही त्यांचीच. त्यांचा मूळ शब्द 'बिसाग्रा'. 'कडी' मात्र इथली. 'कडे' आणि 'कडी' ही दोन्ही संस्कृत 'कटक' या शब्दाकडे जातात. आणि ज्यावर पाय द्यायचा नाही असे आजी बजावायची, तो 'उंबरा' थेट उंबराच्या झाडाशी जोडलेला आहे. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाही दिलेला आहे.

म्हणजे आम्ही ज्या दारासमोर बसलो होतो, ते नुसते उघडायचे म्हटले तरी अरबस्तान, इराण, पोर्तुगाल आणि परसातला उंबर यांची गाठ पडत होती.

या धाग्यावर असेच शब्द यावेत, अशी इच्छा आहे. विनंती एकच आहे. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर त्यांचे नाते ठरवू नये; मधली वाटही दाखवावी. 'कर्ण'चा 'कान' झाला हे आपण मानतो, कारण 'पर्ण'चे 'पान' झाले आणि 'चूर्ण'चा 'चुना' झाला. एकाच वळणावर सगळे सारखेच वळले, की वाट खरी समजावी. हा नियम पाळला की खेळ अवघड होतो आणि म्हणूनच त्याची गोडी वाढते.

सुरुवात 'पाव' या शब्दापासून करू या. वडापावातला पाव कुठला?

आजीची_पेटी :

आमच्या आजीने सांगितलेली कथा अशी की, पूर्वी बेकरीत कणीक पायांनी तुडवत असत, म्हणून त्याला पाव म्हणतात. ती स्वतः आयुष्यभर पावाला शिवली नाही. आम्ही मुले बाहेरून पाव खाऊन आलो, तर चूळ भरल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसे. शेजारच्या काकांचे मत वेगळे होते. लादीतून चार पाव एकत्र निघतात, त्यातला एक म्हणजे चौथा भाग, म्हणून पाव, असे ते सांगत. मला दोन्ही पटत आले आहेत. यातले खरे कोणते?

मांडवी_काठ :

ताई, दोन्ही नव्हेत. पाव हा पोर्तुगीज 'पाँव' आहे आणि त्यामागे लॅटिन 'पानिस' आहे. अर्थ साधा, भाकरी. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जेवणाबरोबर भट्टीही आली. आमच्याकडे पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात. तो शब्दही त्यांच्या 'पादेरु'वरून आला आहे. पहाटे सायकलचा भोंगा वाजला की घरातून कोणीतरी पिशवी घेऊन धावते. त्या टोपलीत 'पोळी', 'उंडो', 'कांकण' अशी नावे भरलेली असतात. मला त्यात विशेष मौज वाटते ती ही की, भाजणाऱ्याचे नाव पोर्तुगीज राहिले आणि भाजलेल्या बहुतेक वस्तूंना लोकांनी आपली घरची नावे दिली. कांकण म्हणजे हातातले कांकण, कारण त्या पावाचा आकारच तसा गोल कड्यासारखा असतो.

आपल्या भाषांतले पोर्तुगीज शब्द गोळा करण्याचे मोठे काम एका गोमंतकीयानेच केले, हे इथे सांगायला हवे. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो बार्देशातल्या आसगावचे. आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. पगार, घमेले, फीत, लिलाव, पाद्री, बंब हे सगळे त्याच गलबतांतून उतरलेले आहेत.

ओसरी :

मांडवी_काठ यांनी उत्तर नेमके दिले. तरीही आजीची_पेटी यांच्या आजींच्या कथेला मी खोटी म्हणून बाजूला सारणार नाही. परका शब्द कानावर पडला की कान त्याला ओळखीच्या शब्दांत बसवू पाहतो. 'पाय' आणि 'चौथाई' हे दोन्ही अर्थ मराठीत आधीच तयार होते, त्यामुळे पाव येताच दोन्ही कथा जन्माला आल्या. त्या कथा शब्दाचे मूळ सांगत नाहीत, पण तो शब्द लोकांनी कसा ऐकला हे मात्र अगदी खरेपणाने सांगतात.

आणि काकांच्या 'चौथ्या भागा'त एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. पावशेरातला पाव संस्कृत 'पाद' या शब्दावरून आला. पाद म्हणजे पाय, आणि गाईम्हशींना पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग. श्लोकाचा चरणही याच हिशेबाने चौथा भाग ठरतो. म्हणजे आजींचा 'पाय' आणि काकांची 'चौथाई' मुळात एकच शब्द आहेत! दोघांनी सांगितलेली व्युत्पत्ती बरोबर होती. ती फक्त दुकानातल्या पावाची नव्हती, वजनातल्या पावाची होती. आपण पाव किलो पाव मागतो तेव्हा पहिला पाव संस्कृतातून आलेला असतो आणि दुसरा लिस्बनहून.

या पादाची लेकरे पुष्कळ आहेत. 'सव्वा' म्हणजे 'सपाद', पावासह. 'पाऊण' म्हणजे 'पादोन', पावाने उणे.

पाढेवाले_गुरुजी :

सव्वा आणि पाऊण यांचा विषय निघाला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. बाजारात धान्याचा भाव ऐकताच ते हिशेब सांगत. ही नावे मी लहानपणी केवळ ताल म्हणून ऐकली. त्यांचा अर्थ मला फार उशिरा उमगला, आणि उमगला त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

'निमकी'मधला 'निम' हा फारसी 'नीम', म्हणजे अर्धा. तो 'निम्मा' शब्दाच्या शेजारी इतका गुण्यागोविंदाने राहतो की परका वाटत नाही. पण खरी मौज पुढच्या तिघांत आहे.

'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' यावरून आला. अर्धतृतीय म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. प्राकृतात त्याचे 'अड्ढाइज्ज' झाले आणि आपल्याकडे अडीच. 'औट' म्हणजे 'अर्धचतुर्थ', तीन पुरे आणि चौथा अर्धा, अर्थात साडेतीन. प्राकृतात 'अद्धुट्ठ'. आणि 'दीड'मध्ये 'द्वि' आणि 'अर्ध' आहेत. एक पुरा आणि दुसरा अर्धा. पायऱ्या चढताना ज्या पायरीवर पाय अर्धा टेकला आहे, तिचेच नाव आपल्या पूर्वजांनी त्या संख्येला दिले. मागे किती पुरे झाले ते मोजले नाही, पुढचा कितवा अपुरा आहे ते सांगितले.

मग 'साडे' आले. 'सार्ध' म्हणजे अर्ध्यासह. हिशेबाची ही दुसरी रीत सोपी होती, ती पुढे सगळीकडे पसरली. साडेतीन, साडेचार, साडेपाच. परंतु दीड आणि अडीच यांना ती हलवू शकली नाही. आजही कोणी 'साडेएक' किंवा 'साडेदोन' म्हणाले तर वर्गात हशा पिकतो. औट मात्र त्या लढाईत हरला आणि एका वाक्प्रचाराच्या आडोशाला जाऊन बसला : 'औट घटकेचे राज्य'. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, म्हणून औट घटका म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे. दीड तासालाही सहा मिनिटे कमी!

एकदा सातवीच्या वर्गात मी या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला. एका मुलाने हात वर करून सांगितले की, गुरुजी, जो राजा लवकर आउट होणार आहे तो. सगळा वर्ग त्याच्याशी सहमत होता. मी त्याला शाबासकी दिली, कारण अर्थ त्याने अचूक सांगितला होता; आणि मग फळ्यावर तीन चौकोन पूर्ण भरून चौथा अर्धा रंगवला.

राईनकाठ :

गुरुजींना नमस्कार. मी गेली नऊ वर्षे जर्मनीत राहते. इथे दीडला 'आंडरथाल्प' म्हणतात. 'हाल्प' म्हणजे अर्धा हे मला कळत होते, पण 'आंडर' म्हणजे 'दुसरा, वेगळा' हा शब्द त्यात कशाला, हे कोडे होते. जुन्या जर्मनमध्ये 'आंडर' हाच क्रमवाचक 'दुसरा' होता, म्हणजे आंडरथाल्प म्हणजे 'दुसरा अर्धा'. तुमचा दीड वाचताच ते कोडे सुटले. जुन्या जर्मन पुस्तकांत अडीचसाठी 'द्रिथाल्प', म्हणजे 'तिसरा अर्धा', असाही शब्द आढळतो. आता तो कोणी बोलत नाही. आमच्या मुलांना मी आज जेवताना हे सांगितले आणि धाकट्याने लगेच स्वतःचे वय 'अर्धा सहावा' असे जाहीर केले.

पाढेवाले_गुरुजी :

राईनकाठ ताई, धाकट्याला माझा आशीर्वाद कळवा. त्याला पुढचे कोडे द्या : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत सगळे 'एक उणे' या चालीने जातात. मग शंभराच्या आधीचा 'एकोणशंभर' का होत नाही? तो 'नव्याण्णव' आहे, संस्कृत 'नवनवति', नव्वद आणि नऊ. सगळी रांग पुढच्याकडे पाहून स्वतःला उणे म्हणते. हा एकटाच मागच्या नव्वदाला धरून उभा आहे.

गोदातीर :

गावांच्या नावांवर लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये, असे नाशिककर म्हणून वाटते. आमच्याकडे पाहुणा आला की रिक्षावालासुद्धा सांगतो की, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले म्हणून नासिका आणि म्हणून नाशिक. दुसरी व्युत्पत्ती नऊ टेकड्यांची, 'नवशिखर'. मला लहानपणी दुसरी अधिक शास्त्रीय वाटे, कारण तिच्यात राक्षसीण नव्हती. पण ओसरी यांनी वर जो नियम सांगितला, तो लावून पाहिला. पांडवलेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात गावाचे नाव 'नासिक' असेच आहे. नवशिखराची झीज होत होत नासिक व्हायचे, तर मधली रूपे कुठेतरी दिसायला हवीत, आणि ती झीज त्या शिलालेखाच्याही आधी पुरी व्हायला हवी. तशी वाट दिसत नाही. तेव्हा नावात नाक आहे असे मानायला जागा आहे. शूर्पणखेची कथा त्या नाकाला नंतर येऊन चिकटली असावी, असे माझे मत आहे.

मुंबईचे उदाहरण याहून नेटके आहे. 'बॉम्बे' म्हणजे पोर्तुगीज 'बोम बाइया', अर्थात 'चांगला उपसागर', असे अनेक वर्षे छापले जात आहे. परंतु पोर्तुगीज भाषेत 'बाइया' स्त्रीलिंगी आहे. चांगला उपसागर म्हणायचे तर 'बोआ बाइया' म्हणावे लागेल. स्वतःच्या भाषेत असे लिंग कोण चुकवील? ते लोक या गावाला 'बोंबाईं' म्हणत, आणि ते मुंबादेवीच्या 'मुंबई'चेच त्यांच्या तोंडी झालेले रूप मानणे सरळ आहे. एका विशेषणाच्या लिंगावर अशी इतकी वर्षांची कथा कोसळते, याचा मला फार आनंद होतो.

'बॉम्बे डक'चेही तसेच. बोंबील मुंबईच्या डाकगाडीतून जात, म्हणून 'डाक'चे 'डक' झाले, असे सांगतात. पण इथली पहिली आगगाडी १८५३ साली धावली आणि ते नाव त्याच्या कितीतरी आधीच्या छापील मजकुरात आहे.

निरुक्त_वाचक :

या चर्चेत एक फार जुना वाद पुन्हा उभा राहिला आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. वेदांतल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात दोन पक्ष समोरासमोर येतात. शाकटायन म्हणतात की, सगळी नामे धातूंपासून निघाली आहेत. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणतात की, सगळी नव्हेत. गार्ग्यांच्या बाजूचा आक्षेप इतका ताजा आहे की तो या धाग्यावर कोणी काल लिहिला असता तरी खपला असता. 'अश्' म्हणजे वाट व्यापणे, यावरून घोड्याला 'अश्व' म्हणायचे, तर जो कोणी वाट चालतो त्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? 'तृद्' म्हणजे टोचणे, यावरून गवताला 'तृण' म्हणायचे, तर जे जे टोचते ते सगळे तृण का नाही?

यास्कांचे उत्तरही तितकेच व्यवहारातले आहे. लाकूड तासणारे पुष्कळ असतात, पण 'तक्षा' हे नाव सुतारालाच मिळते. भटकणारे पुष्कळ, पण 'परिव्राजक' संन्यासीच. गुण अनेकांत असतो, नाव त्यातल्या एकालाच चिकटते, आणि ते कोणाला चिकटावे हे लोक ठरवतात.

याच ग्रंथात एक वाक्य आहे : 'न त्वेव न निर्ब्रूयात्'. निर्वचन, म्हणजे शब्दाची व्युत्पत्ती सांगणे, करायचेच नाही, असे कधीही करू नये. ओसरी यांच्या नियमाशी माझे भांडण इथे आहे. वाट सापडली तरच बोला, असे म्हटले तर आजीची_पेटी यांनी पायाची कथा इथे सांगितलीच नसती, आणि ती सांगितली नसती तर पाव आणि पाद यांचा उलगडाही झाला नसता. आधी अंदाज हवा. शिस्त त्याच्या मागून यावी.

ओसरी :

निरुक्त_वाचक, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मी माझी विनंती दुरुस्त करतो. अंदाज मोकळेपणाने मांडावा. तो अंदाज आहे एवढे मात्र सांगावे, आणि मग सगळ्यांनी मिळून तो तपासावा. यास्क स्वतः अनेक ठिकाणी एकाच शब्दाची दोन-तीन निर्वचने देऊन पुढे जातात, आणि त्यांच्या हातून तो खेळ कमी होत नाही. आपल्याकडे १९४६ साली कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश आला. त्यातली पाने चाळतानाही मला सर्वांत जास्त ओढ वाटते ती जिथे एकाहून अधिक मते शेजारी शेजारी मांडलेली असतात तिथे.

साधी_मराठी :

सगळे वाचून मनात एक खंत आली, ती मांडते. दरवाजा फारसी, कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज. मग यात मराठी काय उरले? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच काळजीपोटी ना? पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत असे शब्द त्यांनी रूढ केले.

ओसरी :

ताई, तुमची काळजी मला परकी नाही. कारभाराची भाषा प्रजेला आपली वाटावी, यासाठी तो कोश झाला आणि त्यातले 'सचिव', 'मंत्री', 'सेनापती' आजही कामाला येतात. पण घरगुती शब्दांकडे थोडे जवळून पाहू या. 'तो दरवाजा', 'ते कुलूप', 'ती चावी'. अरबी कुफ्लाला नपुंसकलिंग कोणी दिले? अरबीत नपुंसकलिंगच नाही. ते आपण दिले. आता त्याला प्रत्यय लावा : कुलूप, कुलपाला, कुलपे. मधला 'ऊ' कुठे गेला? 'पाऊस, पावसाला', 'माणूस, माणसाला', 'लाकूड, लाकडाला' यांत तो जिथे जातो तिथेच. इथल्या मातीतल्या शब्दांना लागू असलेला नियम त्या पाहुण्याने मुकाट्याने पाळला. मला तर कुलपाची सनद या 'कुलपाला'मध्ये दिसते; त्यापुढे ते मराठीच आहे.

कधी कधी तर परक्या शब्दाने आपल्याच शब्दाचा विचार पुन्हा केलेला दिसतो. 'तुरुंग' हा पोर्तुगीज 'त्रोंकु'. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड. कैद्याचे पाय ओंडक्यात अडकवत, म्हणून त्या ओंडक्यालाही त्रोंकु आणि पुढे कोठडीलाही त्रोंकु. आता आपला 'खोडा' आठवा. तोही कैद्याच्या पायात घालायचा ओंडका, आणि तोही 'खोड' या शब्दाच्या शेजारचा. दोन समुद्रांपलीकडच्या दोन भाषांनी झाडाचे तेच खोड पाहून तेच नाव दिले. आपण आजही एकमेकांच्या कामात खोडा घालतो. तुरुंगात मात्र पोर्तुगीज खोडाने जातो.

परसबाग :

फळे आणि कंद यांच्याविषयी थोडेसे. 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला, पण तो त्यांचाही नव्हता. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा तो शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ रताळे! म्हणजे उपासाला रताळे उकडताना खरा 'बटाटा' तोच असतो. 'मोसंबी' हे मोझांबिक देशाचे नाव अंगावर घेऊन आली. याउलट मिरची अमेरिकेहून आली, पण तिने नाव घेतले ते घरच्या मिऱ्याकडून. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळेही अमेरिकेतलीच. त्यांना आपण इतके पोटाशी धरले की थेट रामायणात जागा दिली. 'पेरू'बद्दल मात्र दोन मते आहेत : एक पेरू देशाचे, दुसरे पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपतीचे. मी दुसऱ्या बाजूचा आहे, कारण आकार तसाच आहे; विदर्भातल्या मंडळींना हा वाद लागूच होत नाही, ते त्याला 'जाम' म्हणतात.

आणि ओसरी, तुम्ही कुलपात 'खोबरेल तेल' सोडलेत ना? 'तैल' म्हणजे तिळापासून निघालेले. पहिल्याच परिच्छेदात तुम्ही खोबऱ्यातून तीळ गाळले आहेत.

आजीची_पेटी :

माझ्याकडूनही एक भर. 'देऊळ' म्हणजे 'देवकुल', 'राऊळ' म्हणजे 'राजकुल'. दोन्हींत मधला 'क' झिजून गेला आणि 'कुल'चे 'ऊळ' झाले, म्हणजे ओसरी यांची 'एकाच वळणावर वळण्याची' अट पुरी होते. 'आजोळ'मधला 'ओळ'ही तोच, आजाचे कुल. पण 'माहेर' त्यांच्यात नाही. ते 'मातृगृह', आईचे घर. आजाकडे कुळ राहिले आणि आईकडे घर, हे कळल्यापासून मी ते दोन शब्द पूर्वीसारखे उच्चारू शकत नाही.

ओसरी :

आजीची_पेटी, यावर काही बोलू नये असेच वाटते.

एक शब्द मात्र माझ्यासाठी अजून बाकी आहे. कुलूप शेवटी उघडले. माजघरातल्या फडताळात पितळी अडकित्ता सापडला. त्याच्या दोन्ही मुठींवर मोराची मान कोरलेली आहे. भाचीने तो दोनदा उघडून मिटला आणि लगेच निकाल दिला की, सुपारी यात अडकते म्हणून अडकित्ता. अंदाज मला आवडला. पण 'अडकणे'ला 'इत्ता' असा प्रत्यय मराठीत दुसरीकडे कुठे लागलेला आठवत नाही, त्यामुळे वाट तिथेच खुंटते.

सीमाभाग :

आमचे घर निपाणीचे. सासूबाई घरात कानडी बोलतात आणि जेवणानंतर पानाचा डबा पुढे ओढून 'अडके' मागतात. अडके म्हणजे सुपारी, आणि 'कत्ति' म्हणजे सुरी किंवा पाते. सुपारीची सुरी, तो अडकित्ता. तुमच्या भाचीचा 'अडक' बरोबर होता. तो फक्त कानडीतला होता.

आणखी एक. मल्याळममध्ये सुपारीला 'अडय्क्क' म्हणतात. तो शब्द मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी उचलला आणि त्याचे 'अरेका' केले. सुपारीच्या झाडाचे शास्त्रीय नाव आजही त्यावरूनच आहे, अरेका कटेचू. त्यांनी तुमच्या दाराला चावी दिली आणि जाताना फडताळातली सुपारी नेली.